खाडीच्या पाल्याचं छप्पर

नेचा म्हटलं की पनवेलच्या बायकांना टांगलेली कुंडी आठवते. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी बाल्कनीत तसली एक लावली होती. नाजूक हिरवी झालर, रोज सकाळी तिच्यावर फवाऱ्यानं पाणी. एकदा त्यांच्याकडे चहाला बसले असताना मी सहज म्हटलं, "आमच्या गावच्या नेच्यात म्हैस शिरली ना, तर बाहेरून शेपूटसुद्धा दिसत नाही." बाई हसल्या. त्यांना वाटलं मी फेकतेय. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण चहा त्यांचा होता म्हणून गप्प बसले.

मी फेकत नव्हते. गव्हाणच्या पलीकडे, खाडीला लागून माझं माहेर. भरतीचं पाणी जिथवर चढतं त्या चिखलात हा नेचा पुंजक्या-पुंजक्यानं उभा असतो, माणसाच्या डोक्याच्याही वर. पान जाड, चामड्यासारखं चिवट, वरून चकचकीत. नेचा हे नाव मला शाळेत कळलं. गावात त्याला कुणी नेचा म्हणायचं नाही. माझी आई नुसतं 'खाडीचा पाला' म्हणायची, आणि सगळ्यांना कळायचं.

आईचं त्या पाल्यावाचून पान हलायचं नाही. कोवळे, लालसर, वळलेले कोंब ती उकडून पाणी टाकून द्यायची आणि मग जवळा घालून परतायची. कुणाला गळू झालं की मुळाचा गड्डा वाटून त्यावर थापायची, आणि पोर कितीही बोंबललं तरी दुसऱ्या दिवसापर्यंत काढू द्यायची नाही. बाजारात चिंबोऱ्या न्यायच्या तर टोपलीत खाली ओला पाला, वर ओला पाला. दुपारपर्यंत चिंबोऱ्या जिवंत, नांग्या उगारून गिऱ्हाइकाच्या बोटांवर टपलेल्या. पण पाल्याचं खरं काम म्हणजे छप्पर. खाऱ्या पाण्यात वाढलेल्या पाल्याला वाळवी तोंड लावत नाही असं अख्खं गाव म्हणायचं. नीट शाकारलं तर दोन पावसाळे बघायला नको.

मी लहान होते तेव्हा गावात अशी छपरं बरीच होती. मग नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, पैसे आले, प्लॉट आले, आणि गावात बंगल्यांची शर्यतच लागली. कुणाच्या गेटवर सिंह, कुणाच्या गच्चीवर विमानाच्या आकाराची पाण्याची टाकी. माझ्या दादानं, म्हणजे थोरल्या भावानं, डंपर घेतले. खाडीकाठच्या खड्ड्यांत मुरूम टाकून भराव करायचं काम त्याला मिळालं आणि बघता बघता तो शेठ झाला. आमचं जुनं घर पाडून त्यानं तिथं दुमजली बंगला बांधला. फरशी अशी गुळगुळीत की आई त्यावर चालताना भिंत धरायची. बाबा बंगला पुरा व्हायच्या आधीच गेले.

जुन्या घराचं एकच काय ते उरलं, मागच्या अंगणातली आईची चुलीची खोप. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, वर खाडीचा पाला. दादानं तिला बंगल्यात खालची खोली दिली होती, पंखा, पलंग, सगळं. आई झोपायची तिथं, पण दिवस उगवला की खोपीत. चूल पेटवायची, तांदळाच्या भाकऱ्या थापायची, बोंबलाचं कालवण शिजत ठेवायची. शेजारच्या बाया तिथंच येऊन बसायच्या.

बंगल्यातलं स्वयंपाकघर वहिनीचं. यात वहिनीचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. लग्नानंतर कित्येक वर्षं ती आईच्या हाताखाली राबली होती आणि आईचा हात काही हलका नव्हता. आता तिला स्वतःचा ओटा मिळाला, स्वतःचे डबे मिळाले, तर ती कुणाला हात लावू देणार? पण त्यामुळे झालं असं की आत आईला चिमूटभर मीठ हवं असलं तरी विचारावं लागायचं. एकदा मी माहेरी गेले असताना आई ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "सूनबाई, जराशी हलद घेऊ?" माझ्या आईनं! जिनं अख्ख्या गावाच्या लग्नांत हळदीची पातेली उतरवली! मला तिथल्या तिथं रडू आलं आणि रडू आलं म्हणून संताप आला. खोप होती तोवर आई त्या घरात कुणीतरी होती. खोप गेली असती तर ती पाहुणी झाली असती, आणि पाहुणी म्हणून मरेपर्यंत जगली असती. मला एवढंच दिसत होतं.

दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. दादानं मोठी गाडी घेतली. गाडी मागच्या अंगणात लावायची तर खोप आड येत होती. त्यानं आईला सांगितलं, "आये, होली झाली का खोप काढून टाकू. तुला आतमदी गॅस हाय ना." आई म्हणाली, "नाय." दादानं दोन-चारदा सांगून बघितलं. आईचं उत्तर तेवढंच.

आता दादा काही आईच्या अंगावर खोदायचं मशीन घालणारा माणूस नाही. तो हुशार. त्यानं खोपीला हात लावलाच नाही. गावात छप्पर शाकारणारा एकच म्हातारा उरला होता आणि त्याचा मुलगा दादाच्या डंपरवर ड्रायव्हर होता. आईनं म्हाताऱ्याला बोलावणं पाठवलं, तर त्याची कंबर धरलेली. आठवड्यानं पुन्हा पाठवलं, कंबर धरलेलीच. मग दुसऱ्या गावातून एकाला बोलावलं, तो कबूल करून आलाच नाही. छप्पर जुनं झालं होतं, मधूनमधून आभाळ दिसत होतं. पावसाळ्यात चूल भिजणार आणि म्हातारी झक मारत आत येणार, हा दादाचा हिशेब. तो त्यानं वहिनीला हसत हसत सांगितला, वहिनीनं शेजारणीला, आणि शेजारणीनं आईला.

आई कधी फोन करायची नाही. त्या दिवशी तिनं गावातल्या दुकानातून केला. "पोरी, मना छपराला मानूस मिलत नाय."

"मी येते," मी म्हटलं.

"तू येऊन काय करशील?"

"छप्पर करीन."

आई पलीकडे हसली. मग तिला कळलं की मी थट्टा करत नाहीये, तेव्हा ती म्हणाली, "कोयता हाय. तू फकस्त जुनी कापडं आन."

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "भावा-भावांत पडावं, बहीण-भावांत कुणी पडू नये. तुझ्या माहेरचं तू बघ." बघतेच, म्हटलं. शिलाईची कामं गिऱ्हाइकांना सांगून पुढे ढकलली, मुलांना सासूबाईंच्या हवाली केलं, नवऱ्याची जुनी पँट आणि शर्ट पिशवीत टाकला आणि टमटममध्ये बसून गाव गाठलं.

पाला आणायला गेलो तर आई जिथं सारा जन्म पाला कापायला जायची तिथं पालाच नव्हता. मुरमाचं सपाट मैदान, त्यावर डंपरच्या चाकांच्या चाकोऱ्या. भराव दादाचाच. आई तिथं थोडा वेळ उभी राहिली. मला वाटलं आता ती रडणार. कसलं काय! तिनं कमरेला पदर खोचला आणि म्हणाली, "पुडं चल. खाडी काय तुज्या दादाच्या बापाची नाय."

"माझ्याही बापाची नाही," मी म्हटलं.

"तेच सांगते. चल."

मुरूम संपला तिथून चिखल सुरू झाला. गुडघाभर चिखल, त्यात तिवरांची टोचरी मुळं. आई माझ्या पुढे, हातात कोयता, साडी मांडीपर्यंत वर घेतलेली. पाला तिथं दाट होता. देठ मुळापासून वर हातभर सोडून कापायचा, म्हणजे गड्डा पुन्हा फुटतो, हे ती मला दर झुडपाला सांगत होती, जशी काही मी दर वर्षी येणार होते. माझ्या तळहाताला फोड आले, फुटले, आणि त्यात खारं पाणी गेलं. बाई गं! मी ओरडले. आई मागे वळून म्हणाली, "पनवेलला ऱ्हाऊन हात लोन्याचे झाले तुजे."

मोळ्या डोक्यावरून आणल्या. अंगणात पसरल्या, वर दगड ठेवले, वाळायला सोडल्या. दादा सकाळी गाडी काढताना मोळ्यांना वळसा घालून गेला. जाताना काच वर केली. वहिनी मला चहा द्यायची, जेवायला बोलवायची, आणि पाल्याचा विषय काढायची नाही. मीही काढला नाही. मी आत जेवले नाही एवढंच. आईच्या चुलीवर जेवले.

पाला वाळला आणि मी पँट-शर्ट चढवून शिडी लावली, तेव्हा मात्र वहिनी बाहेर आली.

"वन्स, लेकीनं माहेरच्या घरावर चढू नये. भावाच्या डोक्यावर पाय दिल्यासारखं होतं म्हणतात."

"म्हणू देत," मी शिडीवरूनच म्हटलं. "त्यानं आईच्या डोक्यावरचं छप्पर काढायला घेतलंय, त्याला काय म्हणतात तेही विचारून ये."

वहिनीचा चेहरा पडला. तिला टोचावं असं माझ्या मनात नव्हतं, पण तोंडातून गेलं ते गेलं. ती आत गेली आणि पाच मिनिटांत मागच्या गल्लीत बघे जमले. आमच्या गावात बाई छपरावर चढत नाही. पाला कापायचा बायांनी, वाहून आणायचा बायांनी, वाळवायचा बायांनी, आणि शेवटी वर चढून शाकारायचं मात्र गड्यांनी. का? तर असंच असतं. त्यात मी पँट घातलेली. एकजण टपरीवरून ओरडला, "गो, पडशील!" मी म्हटलं, "पडले तर तुज्याच अंगावर पडेन." सगळे हसले, तोही हसला, पण मदतीला कुणी शिडीला हात लावला नाही.

जुना पाला ओढून खाली टाकला. धुरानं काळा झालेला, हातात घेतला की चुरा. वाशांवर बांबूच्या कामट्या आडव्या बांधलेल्या होत्या, त्या शाबूत होत्या. आई खालून जुडी द्यायची, मी ती काथ्यानं कामटीला आवळून बांधायची, वर दुसरी, तिच्यावर तिसरी, खालून वर. पहिल्या ओळी वाकड्या झाल्या. नंतर हात बसला. उन्हानं पाठ भाजून निघत होती. कमी पडू नये म्हणून आईनं होता तेवढा सगळा पाला वर दिला, एक पान मागे ठेवलं नाही. आढ्याशी शेवटची जुडी बांधली आणि मी वर उभी राहिले. तिथून खाडी दिसत होती, दादाचा भराव दिसत होता, आणि खाली कमरेवर हात ठेवून उभी असलेली आई दिसत होती. ती अशी खूश होती की मला वाटलं जिंकलो.

दुसऱ्या दिवशी तिनं सकाळी चूल पेटवली. शेजारणींना मुद्दाम बोलावलं होतं, बघा माझ्या लेकीनं छप्पर केलं म्हणून. परातीत तांदळाचं पीठ, बाजूला उकळणारं पाणी. खोप तापली, धूर वर गेला, आणि छपरातून काहीतरी झरायला लागलं. तांबूस, बारीक, मऊ भुकटी. आधी थोडी, मग भरभरून. पिठावर पडली, कालवणात पडली, बायांच्या केसांत पडली. एकीला शिंक आली, मग सगळ्यांना. खोपीतून शिंकांचा असा गजर उठला की दादा बंगल्यातून टॉवेल गुंडाळलेलाच बाहेर आला. दारातून आत डोकावून त्यानं परात बघितली.

"आये, भाकरी तांदलाची का नाचनीची?"

झालं. अख्ख्या गल्लीत ते पसरलं. संध्याकाळपर्यंत मी रस्त्यानं गेले की लोक खोटं खोटं शिंकत होते.

आई अंगणात दगडावर बसून राहिली. तिच्या केसांत ती भुकटी तशीच होती. मी खोपीतून एक पान खाली ओढून उलटं केलं. काही पानांच्या शेंड्याकडच्या पात्यांना खालून तपकिरी लव असते, मखमल चिकटवल्यासारखी. पान वाळलं, तापलं की ती सगळी गळते. आईनं ते पान हातात घेतलं आणि लवेवरून बोट फिरवलं.

"ही पानं गडी खाली टाकायचं," ती म्हणाली. "शाकारनी झाली का अंगनात ढीग उरायचा. मना वाटायचं पाला उरला. मी तो म्हशीखाली टाकायचे."

सारा जन्म पाला कापला, वाहिला, वाळवला, त्याच्या सावलीत रांधलं, आणि तो बांधताना कधी वर मान करून बघितलं नाही. बघायचं नसतंच. तेवढा वेळ बायांनी शाकारणाऱ्यांसाठी चहा करायचा असतो. माझ्या डोळ्यांसमोर तो ढीग आला, दर वेळी अंगणाच्या कोपऱ्यात पडलेला. मीही तो बघितला होता. मलाही तो उरलेलाच वाटला होता.

"काढू सगळं," मी म्हटलं.

"काड," आई म्हणाली. आणि मग दादाच्या खिडकीकडे बघून एवढ्या मोठ्यानं की पलीकडच्या आळीत ऐकू जावं, "शिंका आल्या म्हनून कोन मरत नाय!"

पुन्हा वर चढले. बांधलेलं सगळं सोडलं. या वेळी बघे जास्त होते आणि हसत होते. मी तोंडाला ओढणी बांधली होती तरी डोळे चुरचुरत होते. आई खाली बसून एकेक पान उलटून बघत होती. तपकिरी ते डावीकडे, स्वच्छ ते उजवीकडे. शेजारच्या दोन बाया तिच्या बाजूला येऊन बसल्या आणि निवडू लागल्या. त्यातल्या एकीच्या नवऱ्याला दादानंच काम दिलं होतं. ती घाबरत घाबरत बसली होती, पण बसली होती.

निवडलेला पाला पुरेना. छपराचा एक कोपरा तसाच उघडा राहिला, नेमका चुलीवरचा. नवा पाला आणून वाळवायला वेळ नव्हता. दक्षिणेकडून ढग यायला लागले होते, वारं फिरलं होतं. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे, पत्र्याचा तुकडा बग कुटं मिलतो का." मी इकडेतिकडे बघितलं. गेटाजवळ दादाची गाडी उभी होती, तिच्या अंगावर जाड, चंदेरी, नवंकोरं कव्हर. गाडीला कव्हर! बाईच्या चुलीवर आभाळ आणि गाडीला कव्हर!

मी ते काढलं. घडी घातली, वर नेलं, उघड्या कोपऱ्यावर पसरलं, कामट्यांना आवळून बांधलं आणि वर उरलासुरला पाला विरळ पसरला. खाली उतरले तेव्हा वहिनी ओसरीवर उभी होती. मला वाटलं आता ती दादाला फोन करणार. ती फक्त म्हणाली, "वन्स, त्याची पट्टी खालून सुटलीय. बांधा, नायतर उडंल."

दादा संध्याकाळी डंपरमधून आला. गाडी उघडी बघितली, वर बघितलं. वाळल्या पाल्यातून चंदेरी कोपरा चमकत होता. गाववाल्यांनी बघावं असा तमाशा त्यानं कधी केला नव्हता, पण त्या दिवशी केला.

"ही खोप राहनार नाय! उद्या मशीन आनतो. आये, तुज्यामुलं लोक मना हसतात. येवडा बंगला बांदला आन् आई कुडाच्या खोपीत धूर खाते! माजी काय इज्जत हाय का नाय?"

आई खोपीच्या दारात बसून कोळंबी सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुज्या बापाच्या जमिनीचा पैसा आला," ती म्हणाली, "तवा तू जिथं जिथं बोट ठेवलंस तिथं तिथं मी आंगटा दिला. हिनं सई केली. ती शिकलेली, तिला समजत व्हतं ती काय सोडते. आमी कदी तोंड उघडलं का? सगलं तुला दिलं. डंपर तुजे, बंगला तुजा, फरशी तुजी. ही येवडी चूल मी दिली नाय. ही मी कोनाला देनार नाय."

"मग तिथंच ऱ्हा!" दादा ओरडला. "आत येऊ नको!"

"बरं," आई म्हणाली.

तो रागाच्या भरात बोलला होता. दोन घास पोटात गेल्यावर विसरला असता. पण आईनं कोळंबी पातेल्यात टाकली, हात धुतले, बंगल्यात गेली आणि आपली वळकटी काखेत मारून बाहेर आली. दोन लुगडी, बाबांचा फोटो, पाणी प्यायचा तांब्या. खोपीत चुलीच्या बाजूला अंथरूण घातलं. दादा ओसरीवरून म्हणाला, "आये, मी तसं नाय बोललो." आई म्हणाली, "तसंच बोललास."

त्यानंतर आई पलंगावर झोपली नाही. मशीनही आलं नाही. जिच्यात आई झोपते ती खोप कुठला मुलगा गावासमक्ष पाडेल? गाडी बाहेर रस्त्यावर उभी राहिली. तिला नवीन कव्हर आलं नाही.

दर दुसऱ्या वर्षी मी मे महिन्यात जायची. पँट-शर्ट, कोयता, काथ्या. भराव पुढे सरकत होता, त्याच्याबरोबर आमची वाटही लांबत होती. दादाचे डंपर पुढे, आम्ही त्यांच्याही पुढे. चिखलातून चालताना आई दमायला लागली, मग ती मुरमाच्या कडेला बसून राहायची आणि मी एकटी आत जायची. ती तिथूनच ओरडून सांगायची, "देट वर सोड! गड्डा ऱ्हाऊ दे!" पाला निवडायला आता चार-पाच बाया आपण होऊन यायच्या. एका वर्षी त्यांतली एक शिडीवर चढली. नवरा बोंबलला. ती उतरली नाही. वहिनी अधूनमधून चहाचे कप घेऊन खोपीत यायची आणि आईजवळ बसायची. बंगल्यात गॅसवर आमटी उकळत असायची, पण भाकरी ती चुलीवरचीच न्यायची. दादा मात्र कधी आत आला नाही. दारातून विचारायचा, "आये, काय पायजे?" आई म्हणायची, "काय नाय."

थंडीच्या दिवसांत एका सकाळी वहिनीचा फोन आला. चूल पेटवून आई जरा लवंडली ती उठली नाही. चुलीत निखारे होते, भाकरीचं पीठ मळून झाकून ठेवलेलं, आणि आई बाजूला अंथरुणावर आडवी. मी पोहोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. दादानं बंगल्याच्या हॉलमधले सोफे हलवले होते, तिथं गादी घातली होती, वर पांढरी चादर. चार जण आईला उचलायला खोपीत शिरले होते. मी दारात आडवी उभी राहिले.

"तिला कुठं नेताय?"

"आतमदी," दादा म्हणाला. रडून त्याचे डोळे सुजले होते. "हॉलमदी ठेवू. लोक येतील. पार्टनर येतील, पुडारी येतील, पनवेलची मोठी मोठी मानसं येतील. त्यांना काय या खोपीत आनायचं? हितं उभं ऱ्हायला जागा नाय. छप्पर येवडं खाली, सगल्यांना वाकावं लागंल."

"मग वाकू देत," मी म्हटलं.

"तायडे, आज तरी भांडू नको."

"भांडत नाहीये. तू तिला सांगितलं होतंस आत येऊ नको. ती आली नाही. आता तिला उचलून नेशील? ती बोलत नाही म्हणून?"

दादा माझ्या खांद्यावरून आत बघायला लागला. उचलायला आलेले चौघे बाजूला झाले. वहिनी बंगल्यातून ती पांढरी चादर घेऊन आली, माझ्या बाजूनं आत गेली आणि तिनं ती आईवर घातली.

दुपारपर्यंत माणसं येत होती. पांढऱ्या कपड्यांतली, सोन्याच्या साखळ्यांची, गाड्या लांब उभ्या करून आलेली. एकेक जण खोपीच्या दारापाशी यायचा, थबकायचा, आणि पाला डोक्याला लागू नये म्हणून खाली वाकून माझ्या आईसमोर जायचा. मी दारापाशी बसून बघत होते. मला रडू येत होतं आणि मी एकालाही सूट दिली नाही.

सगळे येऊन गेले तरी दादा अंगणातच उभा होता. मी त्याला हाक मारली नाही. शेवटी त्यानं चपला काढल्या, वाकला, आत आला, आणि आईच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "आये, मी आत येऊ?"